पहिला घोट

सोमवारी शाळेचं दार मीच उघडतो.
सहा चाळीस. सरोवरावरून सुटलेला वारा
कान कापून नेतो. मिलवॉकीला उजाडायचं असतं अजून,
आणि पायरीवर तालिया उभी,
पाठीवर तिच्याएवढं दप्तर.
आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात रात्रपाळीला.
साडेसातच्या आधी कुणाला आत घ्यायचं नाही,
असा नियम आहे.
मी घ्यायचो.

ती थेट पहिलीच्या वर्गाबाहेरच्या
पितळी तोटीपाशी जायची,
टाचा उचलून बटण दाबायची, प्यायची.
"गार आहे, मिस्टर हॅस्किन्स,"
आणि बाहीनं तोंड पुसायची.
ती तोटी मी रोज घासून लख्ख ठेवायचो.

एकवीस वर्षं मी इथला राखणदार.
गळका नळ मला झोपू देत नाही.
वायसर बदलले, चाव्या आवळल्या, बिल उतरलं.
मिसेस व्हिटफील्डनी सगळ्यांसमोर मला
एक मग दिला, निळा,
'थेंबाचा रखवालदार' असं छापलेला.
शुक्रवारी शेवटचा नळ बंद केला
की अख्खी इमारत ओठ मिटून घ्यायची,
आणि भिंतींतलं पाणी
दोन दिवस, तीन रात्री जागीच उभं.

उभ्या पाण्याला दुसरा उद्योग नसतो.
ज्याला टेकून उभं असेल
त्याचंच थोडं थोडं घेत राहतं.

नोव्हेंबरात एक पोरगेलासा माणूस आला,
खोक्यात त्रेचाळीस बाटल्या.
म्हणाला, रात्रीपासून एकही नळ उघडू नका,
मला पहिलं पाणी हवंय.
मी विचारलं, दिसतं का ते?
नाही. वास? नाही. चव? तीही नाही.
मग आम्ही तळघरात उतरलो,
बॉयलरच्या मागे, जिथं रस्त्यावरचा पाइप आत येतो.
सांध्यावर कांद्यासारखा फुगलेला.
त्यानं चुंबक लावला. पडला.
नाण्यानं ओरखडा काढला,
माझ्या हातच्या रंगाचे दोन थर निघाले,
आणि खाली चांदीच.
क्षणभर मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू.

तालिया शिसपेन्सिल चावते.
बाई ओरडतात, विष असतं त्यात.
शिसपेन्सिलीत शिसं नसतं. नावात असतं फक्त.

ऑफिसातला नळ: एक.
स्वयंपाकघर: तीन.
पहिलीच्या बाहेरची तोटी: अठ्ठावन्न.
अब्जात अठ्ठावन्न. अब्ज म्हणजे किती
हे मला कधीच नीट कळलेलं नाही.

संध्याकाळी व्यायामशाळेत सभा,
घडीच्या खुर्च्या, तोंडचं पाणी पळालेली
साठ-सत्तर माणसं.
टाय लावलेला एकजण म्हणाला,
सरासरी काढली तर काळजीचं कारण नाही.
मागून तालियाची आई उठली, कामाच्याच कपड्यांत.
"माझी मुलगी सरासरी पीत नाही," म्हणाली.
पुढं काही बोलली नाही, बसली.
सभा संपल्यावर माझ्यापाशी आली,
माझा हात दोन्ही हातांत धरला.
"थंडीत तुम्ही तिला आत तरी घेता."

मी चाव्या मोजत राहिलो.

आता मी साडेचारला येतो.
त्रेचाळीस नळ उघडतो, एकामागून एक,
आणि जिन्यात उभा राहून ऐकतो:
वाचवलेलं सगळं
एकदम गटारात चाललंय.
मगमध्ये स्क्रू ठेवलेत.
तोटीवर काळी पिशवी, चिकटपट्टीनं बांधलेली.

या सोमवारी तालिया आली,
सवयीनं पिशवीसमोर टाचा उचलल्या,
मग खाली टेकल्या.
मोठ्या बाटलीतून मी कागदी पेला भरून दिला.
तिनं त्यात पाहिलं, बराच वेळ,
आणि तो माझ्यापुढं धरला.

"आधी तुम्ही."